खाडीकाठचं पाच-सात-पाच

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. जाळ्यात कचरा येतो तसे ते येतात, आणि झटकायला गेलं की गाठीगाठीत अडकून बसतात. मी जन्मभर जाळी विणली, शाळेचं तोंड पाहिलं नाही. हे मी सांगतोय आणि नात लिहून घेतेय.

तारापूरकडच्या आमच्या खाडीवर एका कंपनीने म्हाताऱ्यांसाठी क्लास काढला. दर शनिवारी बोईसरहून गाडीतून एक मॅडम यायच्या. पोरगी गोड होती. डोळे मिटा, मन शांत करा, मग जे मनात येईल ते तीन ओळींत सांगा, म्हणायच्या. पहिली ओळ पाच अक्षरांची, मधली सातची, शेवटची परत पाचची. लिहिता येत नसेल तर मी लिहीन. आम्ही बोटांवर मोजायला लागलो.

*

दामू तांडेल माझा लहानपणापासूनचा जोडीदार. त्याची पहिली ओळ नेहमी चार अक्षरांतच संपायची. काका, एक अक्षर कमी पडतंय, मॅडम म्हणाल्या. दामूने उजवा हात पुढे केला. करंगळी होडीच्या दोरात गेलेली.

"अक्षर नाय मॅडम, बोट कमी हाय."

पुढच्या शनिवारपासून तो डाव्या हातावर मोजायला लागला.

*

एकदा मॅडम म्हणाल्या, खोल श्वास घ्या आणि आत काय येतंय ते नुसतं बघत राहा. आम्ही घेतला. तेवढ्यात वारा फिरला आणि कारखान्यांकडून यायला लागला. आम्हाला सवय आहे, आम्ही बघत राहिलो.

खिडकी मॅडमनीच लावली!

*

मग एका शनिवारी म्हणाल्या, आपल्या खाडीतलं काहीतरी घेऊन या, हातात धरून नीट न्याहाळू, त्यावर ओळी करू. दामूची बायको कमळीवहिनी हलवा मासा घेऊन आली. चांगला तळहाताएवढा. मॅडम खूश झाल्या. किती ताजा, आज सकाळचा का?

वहिनी म्हणाली, "मला काय म्हायती? बोईसरच्या मार्केटातना आणलाय. बरफातला हाय."

*

दामूची होडी काठावर पालथी पडून आहे. खाडीबद्दल तो कंपनीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये उठून बोलला, आणि प्रत्येक वेळी त्याला बसायला सांगितलं गेलं. म्हणून कंपनीचे साहेब जेव्हा म्हणाले, की खाडीकडच्या आमच्या भिंतीवर तुमच्या कविता नावासकट रंगवणार, तेव्हा दामूचे डोळे चमकले. आता त्यांच्याच भिंतीवर बोलतो, म्हणाला. घरी दारी, होडीपाशी, तो बोटांवर मोजत बसायचा. शेवटी मॅडमना सांगितलं:

खाडीचं पाणी
जाळं धुवाया गेलो
हात जळले

मग दामूने विचारलं, यात काही बदलायचं का? नाही काका, मनात आलं ते जसंच्या तसं ठेवायचं, तोच तर नियम आहे. असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं.

भिंतीच्या कार्यक्रमाला मांडव होता, पाहुणे होते. दामू इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसला. आम्हाला वाचता येत नाही, म्हणून साहेबांनी मॅडमना वाचायला सांगितलं. दामूने डावा हात मांडीवर पसरला आणि मोजायला लागला. मॅडमनी भिंतीकडे बघून पहिल्या दोन ओळी वाचल्या. तिसरीला थांबल्या. साहेब म्हणाले, वाचा ना. तेव्हा अगदी हळू आवाजात वाचली.

"मन निवले."

खाली नाव दामूचंच. टाळ्या पडल्या. दामूचं पाचवं बोट मिटलं. हिशेब बरोबर भरला होता.

तो उठला, कोपऱ्यातली कळशी उचलली आणि काठाकडे उतरला. इकडे साहेबांनी भिंतीपुढे नारळ फोडला. हात चिकट झाले म्हणून ते रुमाल शोधत होते, तोवर दामू कळशी भरून समोर उभा राहिला.

"घ्या सायेब, हात धुवा. खाडीचं पाणी हाय."

साहेबांनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर पळत जाऊन गाडीतून बाटली घेऊन आला.