चार चाकू आणि एक सत्कार: जाममार्गे आष्टी

कमलताईचा फोन आला तेव्हा मी रविवारच्या पुरवणीचं शेवटचं पान लावत होतो. कमलताई माझी आतेबहीण, आष्टीजवळच्या एका गावात दिलेली. ख्यालीखुशाली विचारण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

"तुह्याजवळ चाकू किती हायेत?"

"का गं?"

"जितके हायेत तितके घेऊन ये. तुह्या भाटव्याच्या कलमा मरून राह्यल्या."

"एवढं काय झालं?"

"फोनवर नाई सांगता येत. सरपंचाच्या घरून बोलून राह्यली." फोन बंद झाला.

भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. माझे हे भाटवे, अंबादासभाऊ, संत्र्याच्या कलमा बांधतात. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीला बारीक चीर द्यायची, तिच्यात चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. चीर एका ओढीत पडली तर डोळा जगतो. पातं बोथट असलं की साल फाटते आणि डोळा वाळतो. तीस वर्षं त्या भागात अंबादासभाऊंच्या हाताचं नाव होतं. त्या हिवाळ्यात, म्हणजे २००६ साली, त्यांची पहिली खेप निम्म्याहून जास्त वाळली. पुढची खेप अशीच गेली तर दुसरा माणूस आणीन, असं नर्सरीवाल्याने सांगून टाकलं होतं.

खिशातल्या चाकूला कोणतं पोलाद चांगलं, यावर मी याच ब्लॉगवर दोन लांबलचक लेख लिहिले आहेत, त्यामुळे नातेवाइकांत मी तज्ज्ञ ठरलो होतो. माझ्याकडे चाकू दोनच होते. एक सीताबर्डीच्या फुटपाथवर पस्तीस रुपयांना घेतलेला स्टेनलेस स्टीलचा. दुसरा भाच्याने अमेरिकेहून आणलेला. त्याचं पोलाद इतकं कठीण, की वर्षभरात मला त्याला धार लावावी लागली नव्हती. तिसरा वाटेत घ्यायचं ठरवलं आणि चार दिवसांची रजा टाकली.

ज्यांना सरळ आष्टीला जायचं आहे त्यांनी नागपूरहून तळेगावमार्गे जावं. मी उलट्या बाजूला जामला गेलो, कारण तिथे हायवेच्या कडेला गाडीलोहारांची पालं पडली आहेत असं कळलं होतं. तिकिटांचे आकडे देत नाही, तुम्ही वाचेपर्यंत ते बदललेले असतील. नागपूरहून एसटीने दीडेक तास लागतो. जामच्या चौकात चहा तीन रुपयांना मिळाला आणि तो इतका गोड होता, की दुसरा घ्यायची हिंमत झाली नाही.

लोहार म्हातारा होता. पुढ्यात विळे, कुऱ्हाडी आणि खाली पोत्यावर सहा-सात चाकू.

"पोलाद कशाचं?" मी विचारलं.

"ट्रकच्या कमानीचं."

"गंजतं का?"

"पुसलं नाई तं गंजते. तुम्ही आंघोळ नाई केली तं तुमचं काय होते?"

मी साठ रुपये दिले. त्याने चाकू माझ्या मनगटावर टेकवला आणि न विचारता तिथले केस काढून दाखवले. मनगटावरचा तो चौकोन पुढे महिनाभर लोकांना समजावून सांगावा लागला.

जामहून वर्ध्याला आणि तिथून शेअर ऑटोने सेवाग्रामला गेलो. आश्रमाच्या दारापर्यंत पोहोचल्यावर लक्षात आलं, की आपल्या पिशवीत तीन चाकू आहेत. कोणी अडवलं नसतंही, पण माझेच पाय पुढे जाईनात. बाहेर पेरू विकणाऱ्या बाईजवळ पिशवी ठेवावी म्हटलं.

"काय हाय आत?"

"चाकू."

"मंग द्या नं एक. माह्यावाला बोथट झाला."

मी पुढे केला तसा तिने हात मागे घेतला. "हातात नका देऊ, खाली ठेवा. भांडण होते." मी तो जमिनीवर ठेवला, तिने उचलला. मी आत गेलो, झाडांच्या सावलीत शांत बसलो, आणि परत आलो तोवर बाईने तिन्ही चाकू लावून पाहिले होते. तिचा निकाल लेखी ठेवण्यासारखा आहे: चकचकीत होता तो पाच पेरूंत थकला, अमेरिकेवाला "चांगला कापते, पण हातात बसत नाई, साहेब वाटते", आणि जामचा सगळ्यांत झकास, फक्त त्याच्यावर पेरूचे काळे डाग पडले. कापलेल्या पेरूंचे पैसे तिने माझ्याकडून घेतले.

वर्ध्यात मुक्काम, गोरसपाकाचे, म्हणजे तिथल्या तुपातल्या बिस्किटांचे, दोन पुडे, आणि दुसऱ्या दिवशी आर्वीवरून आष्टी. रस्ता खड्ड्यांचा, पण शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. तीनेक तास धरून चला. खिडकीची जागा उजवीकडची घ्या, डावीकडे ऊन येतं.

ताईच्या घरी भिंतीवर एक मोठा फ्रेम केलेला फोटो होता. फोटोत मंडप, झेंडूच्या माळा आणि मधोमध दोन पाठी. चेहरा एकाचाही नाही.

"हे काय?"

"सत्कार," ताई म्हणाली. "गावानं केला यायचा. तीस वर्षं कलमा बांधल्या म्हणून. सरपंचानं चाकू देला. आता चाकू हातात कसा देईन? त्यायनं खाली ठेवला, याईनं वाकून उचलला, फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला."

सत्कारातला चाकू तिने दाखवला. घडीचा, दांड्यावर 'ग्रामभूषण' आणि खाली सरपंचांचं नाव कोरलेलं. पातं आरशासारखं. मी अंगठ्याच्या नखावर धार पाहिली. पोलाद मऊ होतं, लोण्यासारखं.

"दहा रोपं झाली का धार बसते," अंबादासभाऊ म्हणाले. "दगडावर घासतो, पुन्हा दहा."

"मग जुना वापरा."

भाटव्यांऐवजी ताई बोलली. "जुना गावाचा ठेवा हाय आता. पंचायतीच्या कपाटात हाय, काचेत. क्रिकेटच्या कपाच्या बाजूले."

"नवीन घ्या."

"अन सरपंच? रोज सकाळी नर्सरीत येते. 'चालते का चाकू?' म्हणते. चांगला माणूस हाय हो. आमच्या पोरीच्या लग्नात तीन दिवस पंगतीत वाढत होता. त्याले कसं सांगावं का तुमचा चाकू भंगार हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः पाहिलं. रोपांच्या रांगांमध्ये भाटवे उकिडवे बसलेले, आणि सरपंच बाबाराव मोटारसायकल लावून बांधावर उभे. हातात चाकू दिसेपर्यंत थांबले, तो दिसल्यावर प्रसन्न हसले. मी ओळख करून दिली आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, मी चाकूंच्या पोलादाची तुलना करतोय, चार चाकूंची परीक्षा घ्यायची आहे, तुमच्यासमोर झाली तर बरं होईल. बेत सोपा होता. सत्काराचा चाकू हरेल, सरपंच स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील, आणि कोणाला वाईट शब्द बोलावा लागणार नाही.

"पेपरात येईन?"

"माझ्या ब्लॉगवर येईल."

"ते काय असते?"

"पेपरसारखंच, पण कोणी तपासत नाही."

हे त्यांना आवडलं. दुपारी चारला पंचायतीसमोर सतरंज्या टाकल्या गेल्या. पन्नासेक लोक आले. कोणीतरी लाउडस्पीकर आणला, सुदैवाने त्याला वायर नव्हती. नियम मी सांगितले: प्रत्येक चाकूने लाकडी पाटावर सुतळीचे पन्नास तुकडे करायचे, आणि मग हातात धरलेला कागद उभा चिरायचा. चिरला तर पास. हात सगळ्या चाकूंना एकच हवा, म्हणून कापायला अंबादासभाऊ.

पस्तीस रुपयांवाल्याने कागद चुरगाळला. अमेरिकेवाल्याने व्यवस्थित चिरला. जामवाल्याने असा चिरला, की आवाज आला नाही; मागच्या रांगेतले म्हणाले, अजून चालू नाही झालं का.

मग ग्रामभूषण. दहा तुकडे झाले. भाटव्यांनी पातं उलटंपालटं करून चपलेच्या चामड्यावर चार वेळा ओढलं. पुढचे दहा. पुन्हा चप्पल. मी खाकरलो. त्यांचं लक्ष नव्हतं. परके चाकू त्यांनी तसेच चालवले होते, पण तीस वर्षं स्वतःचं पातं बोथट राहू दिलं नाही तो माणूस. हात आपोआप खाली जात होता. पन्नास झाले तेव्हा त्यांनी पाचव्यांदा ओढलं, अंगठ्याने धार पाहिली आणि कागद वरून खालपर्यंत असा चिरला, की दोन्ही तुकडे काही क्षण एकमेकांना चिकटूनच राहिले.

टाळ्या पडल्या. सरपंचांचे डोळे भरून आले. "मी सांगितलं होतं," ते कोणाला तरी म्हणाले, "इस्टीलच इस्टील असते." मला नारळ आणि टॉवेल मिळाला.

भाटवे आणि मी बरोबरच घरी निघालो.

"चपलेवर कशाला ओढलात?" मी विचारलं.

"कधी?"

"प्रत्येक दहानंतर."

त्यांनी चालता चालता स्वतःच्या चपलेकडे पाहिलं. तिच्या कडेला ओढून ओढून पॉलिश चढलं होतं. "साळेबुवा," ते म्हणाले, "मंग सांगाव नं त्या वक्ती."

"पन्नास लोकांसमोर?"

"मी बी तेच म्हणून राह्यलो न. त्याले पन्नास लोकांसमोर कसं सांगाव."

जेवायला वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर होती, आणि मी चार भाकरी खाल्ल्या, कारण तोंड रिकामं राहिलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. ताईने ताटं उचलली, सत्काराचा चाकू दिव्याखाली धरला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"नाव तं दांड्यावर हाय," ती म्हणाली. "पात्यावर काईच नाई लिहिलं."

दुसऱ्या दिवशी आष्टीचा बाजार होता. ताईने पिशवीत ग्रामभूषण आणि माझा जामचा चाकू घेतला, वर मेथी ठेवायला जागा सोडली. बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या लोहाराने काही विचारलं नाही. खिळा ठोकून काढला, चकचकीत पातं बाजूला टाकलं, जामचं पातं कानशीने घासून बारीक केलं, भोक पाडून दांड्यात बसवलं. वीस मिनिटं लागली. मी तेवढ्यात भजी खाल्ली. आष्टीच्या बाजारात गेलात तर भजी तिथेच उभं राहून खा, बांधून घेऊ नका, मऊ पडतात. निघालेलं पातं ताईने लोहाराकडून परत घेतलं. भाजी चिरायला घरच्या विळीच्या पाटावर बसवीन म्हणाली.

त्या संध्याकाळी भाटव्यांनी एका फांदीवर चीर देऊन पाहिली. एकच ओढ. साल पानासारखी उघडली. त्यांनी चाकू मिटला आणि खिशात ठेवला.

मी तळेगावमार्गे परत आलो. घरी आल्यावर वहीतल्या तक्त्याकडे पाहिलं. वाचकांसाठी माझं मत असं: खिशात ठेवायचा चाकू निवडताना आधी धार कोण लावणार ते ठरवा. स्वतः लावणार नसाल तर भाच्याला अमेरिकेला पाठवा. रोज पुसायची सवय असेल तर कमानीच्या पोलादाला तोड नाही, डाग पडतील ते पडू द्या. मऊ स्टीलही चालतं, पण त्यासाठी अंबादासभाऊंचा हात आणि त्यांची चप्पल लागते. हे सगळं पेरूवाल्या बाईने एका वाक्यात सांगितलं होतं.

तीन आठवड्यांनी फोन आला. या वेळी भाटवे स्वतः होते, आष्टीच्या एसटीडी बूथवरून.

"डोळे हिरवे हायेत," ते म्हणाले. "शेकड्यात चार-दोन गेले असतीन. नर्सरीवाला काल चहा पाजून गेला."

"आणि सरपंच?"

"रोज येते. परवा चाकू पाहाले मागितला. पातं पाहून म्हणे, हे काळं काऊन पडलं? मी म्हटलं, काम करून करून. तं त्यायनं साऱ्या गावाले दाखवलं. म्हणे पाहा, माणसानं इस्टील काळं केलं."

"मग झालं की चांगलं."

फोनमधून बूथवरच्या मीटरची टिकटिक ऐकू येत होती.

"लय खूश हाय तो," ते म्हणाले. "बाजूच्या गावात आणखी दोन कलमवाले हायेत, त्याईचा बी सत्कार करून राह्यला. तसेच चाकू मागवले. आयतवारी मंडप हाय."

"आता काय करणार?"

"काय करतो. त्याईले समजावून ठेवलं. अन लोहाराले सोमवार सांगून ठेवला."