तेरशेळी डॉट इन कुणाच्या नावावर

तेर गावच्या बसस्थानकासमोर फॉर्म भरून देणारी तीन दुकानं आहेत आणि त्यांतलं सगळ्यात कमी गर्दीचं बब्रुवानभाऊंचं. याला कारण त्यांचं तोंड. गिऱ्हाईक काही मागायला आलं की हे आधी त्यातली गोम सांगणार. दोन वर्षांपूर्वी वर्षाराणी शेळ्यांच्या धंद्यासाठी इंटरनेटवर वेबसाइटचा पत्ता घ्यायला त्यांच्याकडं गेली, तेव्हा शेजारच्या दुकानावर ‘वेबसाइटचं नाव फक्त नव्याण्णव रुपयांत’ अशी पाटी झळकत होती.

"पहिल्या सालाचा भाव म्या सांगतच न्हाय," बब्रुवानभाऊ म्हणाले. "दुसऱ्या सालाचा सांगतो. आठशेच्या पुढं जातोय. शेळी इकत घेताना पाला बी मोजावा लागतो, ताई. परवडत असंल तर बसा."

नऊ माणसं उठून शेजारी जातात, दहावं बसतं. वर्षाराणी बसली. डॉट कॉममधली चांगली नावं कधीच गेलेली, डॉट इनमध्ये ‘तेरशेळी’ मोकळं होतं, आणि भावही त्यातल्या त्यात हलका. फेसबुकचं पान फुकट असतं खरं, पण ते उद्या बंद पडलं तर दाद कुणाकडं मागायची, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

मालक म्हणून कुणाचं नाव लावायचं, हा प्रश्नच नव्हता. वर्षाराणीच्या सासरी नवं काही आलं की ते थोरल्यांच्या नावावर लागतं. विजेचं मीटर, गॅस, जमीन, सगळं सासऱ्यांच्या, श्रीमंतमामांच्या नावावर. शेळ्या तेवढ्या सासूच्या, धुरपताबाईंच्या माहेरहून आलेल्या, म्हणून हा पत्ता त्यांच्या नावावर लागला. पुढं त्याच पत्त्यावरून बिदर, जहिराबाद, पार गुलबर्ग्याहून फोन येऊ लागले. काळ्याभोर उस्मानाबादी बोकडांचे फोटो वर्षाराणी काढायची, गिऱ्हाइकांशी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलायचीही तीच.

यंदा बकरी ईद पंधरा दिवसांवर आली आणि पत्ता विकणाऱ्या कंपनीचा ईमेल आला. मालकाची ओळख सात दिवसांत आधारवरून पटवा, नाहीतर नाव बंद. गोठ्यात चाळीस बोकड तयार होते, छापलेल्या पत्रकांवर तोच पत्ता होता. वर्षाराणी अक्षरशः पळत दुकानात गेली.

बब्रुवानभाऊंनी धुरपताबाईंचा आधार क्रमांक टाकला. मोबाइलवर कोड पाठवल्याचं स्क्रीनवर आलं, पण घरातल्या एकाही मोबाइलवर कोड आला नाही. मग त्यांनी कोड गेलेल्या नंबरचे शेवटचे आकडे वाचले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हा नंबर माझा हाय."

आठ वर्षांपूर्वी गावात आधारचं शिबिर झालं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडं कुठला मोबाइल? फॉर्मवरची जागा रिकामी राहू नये म्हणून तिथं फॉर्म भरून देणाऱ्या भाऊंनी त्या सगळ्यांच्या फॉर्मवर स्वतःचाच नंबर टाकला होता. पुढं ते सिम बंद पडलं. आता तो नंबर कुणाच्या खिशात वाजत होता, देव जाणे.

या धंद्यात ‘सर्व्हर डाउन’ म्हटलं की सगळी पापं झाकली जातात. दुसरा कुणी तेच म्हणाला असता. बब्रुवानभाऊ मात्र संध्याकाळी घरी आले, श्रीमंतमामांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मामा, चूक माझी हाय. लई मोठी चूक हाय." वर्षाराणीला राग यायला हवा होता. पण इतक्या वर्षांत कुठल्याही कचेरीत, कुठल्याही दुकानात असं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. तिला त्या माणसाचा फार आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी स्वतःचं दुकान बंद ठेवून धुरपताबाईंना धाराशिवच्या आधार केंद्रावर नेलं. यंत्राला त्यांच्या बोटांचे ठसे लागेनात. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटली, पण नवा नंबर लागायला किती दिवस जातील याची खात्री कुणी देईना. मुदतीचे पाच दिवस उरले होते.

"एक वाट हाय," परत आल्यावर भाऊ म्हणाले. "मालकाचं नावच बदलायचं. ज्याच्या आधारला चालू नंबर लागलाय, त्याचं नाव. कुणाचं लावू?"

"मल्हारचं लाव," श्रीमंतमामा म्हणाले. मल्हार म्हणजे वर्षाराणीचा नवरा, साखर कारखान्यावर नोकरीला, रविवारी घरी येणारा.

"त्यो शेळ्या राखतो व्हय?" धुरपताबाई ओसरीवरून म्हणाल्या. "फोटू त्यो काढतो? गिऱ्हाइकाशी त्यो बोलतो? मंग त्याचं कशाला? माझं तर बोटाचं ठसं बी ऱ्हायलं न्हायत. वर्षीच्या नावावर लावा."

"आगं, पर घरातलं समदं..."

"समदं तुमच्याच नावावर हाय की. येवढं एक ऱ्हाऊ द्या."

मामांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. "लाव बाबा," ते म्हणाले. "बाई म्हणती तसं."

दुकानात भाऊंनी कीबोर्ड तिच्याकडं सरकवला. "तुमचं नाव तुमीच लिहा." कोड तिच्या मोबाइलवर आला, पण एकेक आकडा पुन्हा पुन्हा ताडून पाहण्यात त्याची मुदत टळून गेली. दुसऱ्यांदा मागवला. तेव्हा जमलं.

पैसे भाऊंनी घेतले नाहीत. आता दर मंगळवारी ते, शिबिरात ज्यांच्या फॉर्मवर त्यांचा नंबर पडला होता त्यांतले, दोन म्हातारे स्वखर्चानं धाराशिवला नेतात आणि त्यांचे नंबर बदलून आणतात. गाव हसतं. शेजारचा दुकानदार तर फारच हसतो. वर्षाराणी मात्र दर मंगळवारी भाऊंच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न चुकता देते, कारण असे उपकार फेडता येत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे.

नाव बदललं त्या दिवशी मालकीचा छापील कागद इंग्रजीत आला, म्हणून भाऊंनी त्याच्याखाली पेनानं मराठीत वर्षाराणीचं नाव लिहून दिलं. धुरपताबाई दुसरी शिकलेल्या. त्यांनी एकेका अक्षराखाली बोट ठेवत ते नाव मोठ्यानं वाचलं. मग कागद सुनेच्या हातात दिला.

"हितनं पुढं बोकड कितीला द्यायचा ते तू ठरवायचं," त्या म्हणाल्या. "मला इचारायचं न्हाय. आन् ह्यांना तर अजिबातच न्हाय."