काळ्या कागदाचं मत

गेल्या रविवारी आमच्या कळसाडीच्या घरी एक मीटिंग झाली... आणि मी अजून हसतेच आहे.

मी एक्सप्रेसिव्ह आर्ट्स थेरपिस्ट. म्हणजे चित्र, नाच, माती, आवाज यांच्या मदतीने माणसांच्या मनापर्यंत जायचं काम. आमची राज्यभरातल्या थेरपिस्टची एक संघटना आहे, आणि संघटना म्हटली की समित्या आल्याच. वार्षिक संमेलन कुठे घ्यायचं हे तीन समित्यांचे प्रतिनिधी मिळून ठरवतात. दरवर्षी फिरून फिरून पुणंच ठरतं.

यंदा मी हट्टच धरला. संमेलन आमच्या जवळच्या लोणखेड्याला घ्या, कॉलेजचा हॉल मिळतोय. आमच्या भागात मी हे काम एकटीच करते. काठी गावाकडच्या आश्रमशाळेतल्या मुलींसोबत जे करते, ते चूक की बरोबर हे विचारायलाही जवळ कुणी नाही. एकदा तरी माझ्या माणसांनी इथे यावं, एवढंच हवं होतं.

तर तिघं प्रतिनिधी जागा बघायला शनिवारी संध्याकाळी आले. सदस्यता समितीची मीनल, कार्यक्रम समितीचे संजयदादा आणि आचारसंहिता समितीच्या वृंदाताई. वृंदाताई आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ आणि कडक. आणि नेमके त्याच रात्री लाइट गेले! गच्चीवर अंथरुणं घालून दिली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी हॉल बघून आलो आणि ओसरीवर मीटिंग सुरू झाली. आमच्या मीटिंगची सुरुवात हजेरीने होत नाही. आज कसं वाटतंय ते प्रत्येकाने एका हालचालीतून दाखवायचं. संजयदादा कमरेत वाकून हळूहळू डोलायला लागले... आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई, आतून वाटीत गरम तेल घेऊन आल्या! बिचाऱ्याची पाठ धरली असं वाटलं त्यांना.

मग मतदान. आता इथे हात वर करून विषय संपला असता. पण नाही... आम्ही पडलो कलावाले! मत चित्रातून द्यायचं, मग ज्याचं चित्र त्याने त्याबद्दल बोलायचं. यजमान म्हणून मला मत नव्हतं.

मीनलने कापसाची बोंडं काढली. म्हणाली, "मला इथे यायचंय." एक होकार. संजयदादांनी लांबलचक वळणाचा रस्ता काढला, टोकाला इवलीशी बस. "हा रस्ता, आणि हे माझं कंबरडं. नको बाबा." एक नकार.

राहिल्या वृंदाताई. त्यांनी अख्खा कागद काळ्या खडूने भरला होता. कोपरासुद्धा कोरा नाही. म्हणाल्या, "मला आत्ता बोलायचं नाही."

झालं! आमच्या आचारसंहितेत दोन नियम आहेत. दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ आपण लावायचा नाही आणि न बोलण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. दोन्ही नियम वृंदाताईंनीच लिहिलेले. आता विचारणार कोण? संजयदादांनी छताकडे बघितलं, मीनलने माझ्याकडे. जेवणाची सुट्टी जाहीर झाली.

मी स्वयंपाकघरात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होते, खरं तर बडवत होते. आईंनी विचारलं काय झालं. म्हटलं, नाही म्हणाल्या त्या.

"तशी बोलनी का ती?"

म्हटलं, बोलल्या काहीच नाहीत. पण काळा कागद आहे ना... दिसतंयच की.

आईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या मीठ विसरलेल्या भाजीकडे बघतात. भरिताचं भांडं उचललं आणि थेट ओसरीवर. मी मागोमाग धावले, पण उशीर झाला होता.

"ताई, बठ्ठा कागद काया काबर करी टाका वं माय?"

सगळा कागद काळा का केला म्हणून सरळ विचारून मोकळ्या! वृंदाताईंनी आईंकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, ही कालची रात्र आहे तुमच्या गच्चीवरची. तिकडे माझ्या खोलीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर येतो. गोळी घेतल्याशिवाय झोप नाही मला. काल लाइट गेले, आणि काय सुंदर अंधार होता! कधी झोपले कळलंच नाही. सकाळी ते बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं... माझा होकार आहे हो."

मी तिथेच ओसरीवर बसले आणि मोठमोठ्याने हसायला लागले. रडतही होते बहुतेक. ज्या अंधाराची मी रात्रभर लाज धरली, त्यानेच संमेलन आणून दिलं. आणि मुलींच्या चित्राचा अर्थ लावू नका म्हणून शिक्षकांच्या मागे लागणारी मी, एका काळ्या कागदावरून निकाल लावून भाकरी बडवत बसले होते!

जेवणं होईपर्यंत नव्या समित्याही तयार. निवास समिती, प्रवास समिती... आणि वृंदाताईंच्या आग्रहाने एक गच्ची समिती. संजयदादा तेल लावून घेऊन प्रवास समितीवर गेले.

आजवर आई गावात सांगायच्या, "आमनी सून पोरीस्ले चित्रं काढाले लावस." त्यापुढे त्यांनी कधी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्या नणंदेशी फोनवर बोलत होत्या. मी भांडी आवरता आवरता ऐकत होते.

"आमना घरनं संमेलन शे. जेवणनं मीच देखसू. आनि आयक, तू भी ये... वहिनी काय काम करस, ते माले भी देखनं शे."

मी नळ बंद केला आणि पुढे काय म्हणतात ते ऐकत तशीच उभी राहिले.