भाऊसाहेबांचा श्वास चालू आहे का?

स्कॉटलंडहून इमर्जन्सी केअर शिकून आले तेव्हा डोक्यात एक चित्र होतं. पारनेर तालुक्यातलं एखादं गाव, मी समोर उभी, गावकरी कान देऊन ऐकताहेत, आणि त्या गावात घशात घास अडकून कुणाचाही जीव जात नाही. प्रत्यक्षात जमले ते किस्से! रविवारी केडगावला घरी परतले की बाबा विचारतात, "आज कोण वाचलं?" मी म्हणते, "कोणी नाही, पण ऐका तर!"

वर्ग देवळाच्या सभामंडपात. अँब्युलन्स गावात पोचायला वेळ लागतो आणि अडकलेला श्वास काही तिची वाट बघत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

*

सरावासाठी मी डमी आणली. छाती फुगणारी, प्लॅस्टिकची, पण कमरेपर्यंतच. पहिल्या दिवशी सगळे तिच्याभोवती गोल करून उभे. शेवटी दत्तू टेम्पोवाल्याने तोंड उघडलं.

"मॅडम, ह्याचं खालचं कुठं गेलं?"

"खालचं लागत नाही. श्वास वर असतो."

"ते खरं. पण एवढं झाल्यावर वाचवून तरी काय करायचं?"

पुढच्या रविवारी डमीच्या डोक्यावर पांढरी टोपी होती आणि तिचं नाव भाऊसाहेब झालं होतं. दत्तू म्हणाला, "बिननावाच्या माणसाला तोंड लावून श्वास कसा देनार?"

*

कोणी पडलेलं दिसलं तर पहिलं काम म्हणजे खांदा हलवायचा आणि मोठ्याने विचारायचं, "बरं आहे का?" उत्तर नाही आलं तर डोकं मागे, हनुवटी वर, आणि श्वास बघायचा. सोपं आहे ना?

सरावासाठी दत्तू बेशुद्ध झाला. सुनीता, माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी, पुढे आली. खांदा हलवला. "दत्तूभाऊजी, बरं हाय का?"

"बरं हाय!" बेशुद्ध दत्तू म्हणाला.

"अहो, तुम्ही बेशुद्ध आहात!" मी ओरडले.

"व्हय. पण बाईमानूस इचारतंय आन आपुन गप पडून ऱ्हायाचं, बरं दिसत न्हाई."

पुन्हा केलं. पुन्हा "बरं हाय!" मग मी त्याला सक्त ताकीद दिली की तोंडातून शब्द काढायचा नाही. नाही काढला. त्याने डोळे मिटलेले ठेवून नुसते हात जोडले.

*

बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही. नाकाला चप्पल लावायची नाही, कांदा लावायचा नाही. हे मी घसा फोडून सांगते, आणि सांगते कुठे, तर जिथे दर दुसऱ्या घराशेजारी कांद्याची चाळ आहे तिथे!

त्या दिवशी बेशुद्ध व्हायची पाळी म्हाताऱ्या नानांची होती. मी फळ्याकडे वळले तेवढ्यात मागून कोणीतरी बुक्कीने कांदा फोडला आणि नानांच्या नाकाशी धरला. नाना सटासट शिंकले आणि उठून बसले. मंडपात टाळ्या!

"बघितलं का मॅडम? नगरचा कांदा!"

"अहो, नाना बेशुद्ध नव्हतेच!"

"आता न्हाईत. कांद्याच्या आदी हुते की!"

*

हेच नाना एकदा वर्गात खरोखर झोपले. घोरण्याने मंडप दणाणला. म्हटलं, चला, आयता नमुना मिळाला! "घोरण्याचा आवाज म्हणजे वाट अर्धी बंद. जीभ मागे पडली आहे. आता बघा." मी हलकेच त्यांचं डोकं मागे केलं, हनुवटी उचलली. घोरणं गपकन बंद! छाती छान वरखाली होत होती.

सगळे थक्क. नानी मात्र संतापल्या. "आगं पोरी, एवढंच हुतं व्हय? मग माझ्या लग्नाला का न्हाई आलीस सांगायला?"

*

आता ताराबाई. सुनीताच्या सासूबाई. माझ्या वर्गाच्या कट्टर विरोधक. "घास आडाकला तर पाठीत थापा घालायला शिकावं लागतं व्हय? आमी जलमभर घातल्या." त्यांच्या धाकाने बायका येईनाशा झाल्या. सुनीता तेवढी चोरून यायची. शेवटी सरपंचांनी सांगून टाकलं, "ह्या रविवारी मंडप भरला न्हाई, तर चावी भजनी मंडळाला. ते कवाचे मागत्यात." म्हणजे वर्ग बंद. शनिवारी रात्री मला झोप लागणार नाही, हे शुक्रवारीच ठरलं होतं.

शनिवारी दुपारी गावात जावळाचं जेवण होतं, मलाही बोलावणं होतं. मटण झकास! ताराबाई पंगतीत बसून कोणाची तरी खरडपट्टी काढत होत्या आणि एकाएकी गप्प झाल्या. हात गळ्याशी, डोळे बाहेर.

"वर बघा, ताराबाई, वर! चिमनी बघा!"

"पानी द्या, पानी!"

मी जेवणाच्या मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. पंगती ओलांडत धावले. पण सुनीता वाढायचं पातेलं टाकून आधीच पोचली होती. तिने पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि शिकवलं होतं तसंच विचारलं, "आत्याबाई, बोलता येतंय का?"

ताराबाईंनी मान हलवली. नाही.

नानी किंचाळल्या, "बाई बाई, ताराला बोलता येईना! म्हंजे जीवावरचंच हाय!"

सुनीताने पदर खोचला. सासूबाईंना पुढे वाकवलं, एका हाताने छातीला आधार दिला आणि पाठीच्या मधोमध, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये, तळव्याने थाप. मग दुसरी. तुकडा उडाला आणि थेट सरपंचांच्या पत्रावळीत!

ताराबाईंनी मोठ्ठा श्वास घेतला. मी पण घेतला. आणि तिसरी थाप पडली.

"आगं, निघालं! निघालं!"

चौथी.

"सुने, बास!"

पाचवी!

सुनीताने शांतपणे पदर सोडला. "मॅडमनी पाच सांगितल्यात, आत्याबाई."

मी पाच सांगितल्या होत्या हे खरं. तुकडा निघाला की थांबायचं, हेही सांगितलं होतं. ते शिकवलं त्या दिवशी सुनीता अगदी पहिल्या रांगेत बसली होती.

रविवारी सकाळी मंडपाशी गेले तर चपलांना जागा नव्हती. गावातल्या झाडून सगळ्या सुना! पदर आधीच खोचलेले. आणि मागच्या खांबाशी पाठीवर हात ठेवून ताराबाई, त्यांच्याभोवती सासवांचा अख्खा घोळका.

"मॅडम," ताराबाई म्हणाल्या, "आमची येगळी बॅच घ्या. आन ह्यांच्या आदी."

सरपंचांनी चावी माझ्या हातात दिली. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सासवा सकाळी, सुना दुपारी. आणि सराव फक्त भाऊसाहेबांवर!