वडगावच्या मागांपाशी

निपाणी मागे पडली तसा खिडकीतून येणारा तंबाखूचा उग्र वास विरला आणि दोन्ही अंगांना ऊस दिसू लागला. यजमान गेल्यानंतरचा हा माझा पहिलाच प्रवास. शेजारच्या रिकाम्या सीटवर मी पिशवी ठेवली. बेळगावात माझी मामेबहीण सुमन असते. तिच्यापाशी एकदा मन मोकळं करायचं, एवढ्यासाठीच निघाले होते.

उतरले तिथल्या टिळकवाडीत, यजमानांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे. बंगल्याभोवती झाडं, रस्ता रुंद. दुपारभर कुठल्याशा घरातल्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने बेळगावातल्याच वडगावला, सुमनकडे गेले. गल्लीच्या तोंडापासूनच खटाखट सुरू झाली. घराघरात माग. सुमनच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, त्यांना खेटून चूल, मध्ये पाळणा. पायाखालची फरशी थरथरत होती आणि त्यात तिचा नातू गाढ झोपला होता.

"आलीस व्हय! किती वाळलीयास गं!" सुमन ओरडूनच बोलली.

तिच्या सुनेनं, रेखानं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुत्ती (दहीभात) वाढली. जेवता जेवता मी यजमानांच्या आजारपणाचं सांगू लागले. "शेवटी शेवटी ते मला ओळखतसुद्धा नव्हते गं."

सुमन हसून मान हलवत म्हणाली, "बरं झालं बघ. लई बरं झालं."

मी हातातला घास ताटात ठेवला. रेखा माझ्या कानाशी वाकली. "मावशी, मनावर घेऊ नका. आत्तीस्नी (सासूबाईंना) ऐकू येत न्हाय. मागावर सारा जन्म गेला न्हवं. सांगत न्हाईत कुणाला, नुसत्या हसत्यात. गल्लीतल्या समद्या म्हाताऱ्या अशाच."

"आणि तुझे कान?"

"रातच्याला वाजत्यात," ती म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

एवढ्यात करंट गेला. माग थांबले, सगळी गल्ली थांबली. बाळ दचकून उठलं आणि रडू लागलं. सुमनच्या ते ध्यानातही आलं नाही. ती माझ्याकडे बघून हसतच होती.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना टिळकवाडीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. सुमनचं गेलेलं ऐकणं परत येणार नाही, कानातल्या मशीनने थोडं भागेल. रेखाने मात्र आजपासून कानात बोळे घालावेत, असं ते म्हणाले. रेखा बोळे आणायला गेली. मी सुमनला बंगल्याच्या अंगणात बसवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "काल ह्येच सांगत हुतीस? आणि मी काय बोल्ले गं?"

"काही नाही," मी म्हणाले. "'लई वाईट झालं' म्हणालीस."

तिनं माझा हात धरला. पण फार वेळ नाही. "चल, तिकडं माग बंद हायत," म्हणत उठली.

परतीच्या बसमध्ये तिचं 'मी काय बोल्ले गं?' आठवत राहिलं. एकाच गावात दोन वस्त्या, रिक्षाने थोडंसंच अंतर. पण एकीकडे म्हातारपणीही माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं, दुसरीकडे नाही.

घरी पोचले, कुलूप काढलं. आत शांत होतं. याच शांततेला मी वर्षभर दोष देत आले; तिच्यातच माझे कान शाबूत राहिले होते. मी खुर्चीत बसले. ऐकू सगळं येत होतं. बोलणारं कोणी नव्हतं.