खुर्ची पडली की सांगा

“पाठीमागनं? लेका सदू, पाठीमागनं मारलास?”

माझ्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर एक म्हातारा सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. आवाज असा, की माझ्या हातातले शेंगदाणे आपोआप सोलले गेले. समोर फळ्या ठोकून आणि दोर ताणून केलेल्या रिंगमध्ये डोंगराएवढा एक गडी घडीची खुर्ची घेऊन उभा होता आणि त्याच्या पायाशी दुसरा डोंगर पालथा पडला होता. घटकाभरापूर्वी हे दोघे जिवलग जोडीदार होते. मैदान माणसांनी इतकं भरलेलं, की श्वास आळीपाळीने घ्यावा लागत होता. आणि आता तोही कोणी घेईना. कोल्हापुरात इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

या क्षणी मी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्यासाठीच मला त्या सोफ्यावर बसवलं होतं. पण वर्ध्याचा माणूस कोल्हापूरच्या सोफ्यावर कसा पोचला, ते आधी सांगतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. घरोघरी केबल आली होती आणि तिच्यावरून परदेशी पैलवान थेट आमच्या दिवाणखान्यात उतरत होते. काल ज्याच्यासाठी पोरांनी टाळ्या पिटल्या, तो आज आपल्याच मित्राला खुर्ची घालायचा. माझ्या भाच्याने तर अशाच एका बदललेल्या वीराचं चित्र भिंतीवरून काढून न्हाणीघरात लावलं होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी निघालो होतो नृसिंहवाडीला, मुलीच्या नोकरीचा नवस फेडायला. आमच्या घरी नवस बोलण्याचं खातं बायकोकडे आहे, फेडण्याचं माझ्याकडे.

गाडी वर्ध्याहून निघाली ती अशा संथ चालीने, की मनमाडला दाढी करून बसलेला सहप्रवासी दौंडला मला ओळखू येईना. मिरजेनंतर मात्र दोन्ही बाजूंनी उसाने गाडी धरली आणि काकवीच्या वासातच तिला कोल्हापूरला नेऊन सोडलं. सकाळी स्टेशनाबाहेर मिसळ घेतली. वाढणाऱ्याने विचारलं, कट (वरचा लाल तवंगाचा रस्सा) कमी घालू का. आम्ही वैदर्भीय, तर्रीवर वाढलेले. मी म्हटलं, ओता. पुढचं मला अंधूक आठवतं. आमच्याकडचं तिखट शत्रूसारखं समोरून येतं. इथलं आधी गळ्यात गळा घालतं आणि मग दगा देतं. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची सूचनाच होती ती, पण उचकीमुळे माझं लक्ष नव्हतं.

वाडीला नवस फेडला. घाटाच्या पायऱ्यांवर बसून कवठाची बर्फी खात होतो, तेव्हा पादुकांपुढे एक घर वाकलेलं दिसलं. घरच म्हणायला हवं. त्याच्या मागे दर्शनाची रांग सावलीत उभी होती. परतीच्या एस.टी.त हे घर नेमकं माझ्या शेजारी येऊन बसलं. मी खिडकीला इतका चिकटलो, की शिरोळपर्यंत बाहेरच्या लोकांना मी जाहिरातच वाटलो असेन. पुढच्या बाकावर दोन बाया निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलत होत्या. एकीने मागे वळून त्याला निरखलं, दुसरीला “अक्का, वाघ” असं म्हणाली आणि पोराला कडेवर उचलून दाखवलं.

गड्याचे कान मोडलेले होते. तालमीत कान घासून घासून असे होतात. मी बर्फी पुढे केली. त्याने लाजत एक वडी घेतली आणि बघता बघता पुडा संपला. नाव सदाशिव, सगळे सदू म्हणतात. मूळचा कोडोलीचा. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा कोल्हापुरातल्या एका वस्तादांनी (तालमीतल्या गुरूंनी) त्याला आणून तालमीत ठेवलं. तिथेच खाल्लं, तिथेच झोपला, तिथेच वाढला. गेलं वर्षभर तो केबलवरच्यासारख्या कुस्त्या दाखवणाऱ्या एका कंपनीत होता. गावोगावी जायचं, पोरांना हात हलवून दाखवायचा आणि तोंडावर बुरखा घातलेल्या दुष्टांना रोज उचलून आपटायचं. पोस्टरवर नाव ‘पन्हाळ्याचा वाघ’. जोडीदार लुधियान्याचा करतार, तोही आखाड्यातला.

कंपनीच्या मालकाने आता ठरवलं होतं, की कोल्हापुरातल्या खेळात वाघाने उलटायचं. विजयाचा हात वर झाला, की मागून करतारच्या पाठीत खुर्ची. मालकाचं शास्त्र साधं होतं. चांगल्या माणसाला लोक एकदा बघायला येतात, वाईटाला शिव्या द्यायला रोज येतात. आणि उलटायचं तर जिथे सगळ्यात जास्त जीव लावतात तिथेच उलटायचं, म्हणजे शिव्या पुढच्या मुक्कामी, हुबळीपर्यंत, आपोआप पोचतात.

“मग अडचण काय?” मी विचारलं.

“वस्ताद यायल्यात की बघाय. पयल्यांदाच. पुढच्या सोफ्यावर.” त्याने बर्फीच्या रिकाम्या कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. “त्येंनी तालमीचं दार लावलं तर मला दुसरं गाव न्हाई, पावणं. आन न्हाई म्हणलं तर कंपनी मला हितंच सोडून हुबळी गाठणार.”

देवाला त्याने सगळं सांगितलं होतं. देवाचं काही म्हणणं नव्हतं. वस्तादांना सांगायची मात्र छाती होत नव्हती. त्यांच्यापुढे आजवर त्याने ‘व्हय’ सोडून दुसरा शब्द काढला नव्हता. म्हणून एक पास त्याने माझ्या खिशात कोंबला. तुम्ही परगावचे, बोलायला गोड, वस्तादांशेजारी बसा, असं म्हणाला.

“आदी काय बोलू नका. उठून जातील. खुर्ची पडली की सांगा. म्हणावं, दोघांचं ठरल्यालं हाय, कुणाला कुणाचा राग न्हाई.”

माझ्यासारख्या माणसावर गप्प बसण्याची जबाबदारी आजवर कोणी टाकली नव्हती. मी भारावून गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानात पोचलो. पांढरा फेटा, हातात काठी, अंगाला तांबड्या मातीचा वास. वस्ताद ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी मला शेंगदाणे दिले आणि पहिल्याच वाक्यात फळ्यांवर कधी कुस्ती असते का, असं विचारलं. मग खेळ सुरू झाला. बुरखेवाले नाचले, गुरगुरले, प्रेक्षकांना जीभ दाखवून गेले. वस्तादांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांचे डोळे सदूच्या पायांवर होते. “डावा पाय हलका पडतोय,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. सदूने एका बुरखेवाल्याला डोक्यावर उचलून असा फिरवला, की त्या वाऱ्याने वरचे दिवे हलले. मैदान उठून उभं राहिलं. वस्ताद बसूनच म्हणाले, “डावाच.” पण मिशीच्या टोकाला हसू होतं. पोरगं आपलं आहे, हे शेजारच्याला न सांगता कळावं इतकंच.

मग करतारने सदूचा हात वर केला, सदूने खुर्ची उचलली, आणि तुम्हाला सांगितलं तिथे आपण परत आलो.

आता माझं वाक्य. मी वस्तादांची बाही धरली आणि जमेल तितक्या गोडीने म्हटलं, “वस्ताद, रागावू नका. हे दोघांचं आधीच ठरलेलं आहे. मार पण खोटा, राग पण खोटा.”

ते वळले. ओरडणं थांबलं. मला वाटलं, काम फत्ते.

“ठरल्यालं?”

“हो. कोणी जिंकायचं, कोणी हरायचं, सगळं.”

“म्हंजे आदीच्या कुस्त्याबी?”

“त्याही,” मी खुशीने म्हटलं.

ते सोफ्यावरून खाली उतरले. अगदी सावकाश उतरले, जसं घरात कोणी आजारी असताना माणूस जिना उतरतो.

“नुसतं मागनं मारलं असतं तर पोरगं चुकलं म्हणलो असतो,” ते म्हणाले. “तालमीत घिऊन चार काठ्या घातल्या असत्या. पर ही तर नुरा कुस्ती.”

नुरा म्हणजे आपसात ठरवून केलेली खोटी कुस्ती. कोल्हापुरात माणसाने दगा केला तर तो माणूस वाईट ठरतो. नुरा केली तर तो पैलवानच राहत नाही. सदूला वाटलं होतं, राग खोटा आहे म्हटलं की वस्ताद निवतील. वर्षभर त्या कंपनीत राहून तो हे विसरला होता. मला तर मुळात माहीतच नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून एका खलनायकाला त्याच्याहून खालच्या पायरीवर नेऊन ठेवलं.

वस्ताद रिंगकडे निघाले. गर्दी आपोआप फाटली. मालक माइकवरून “आजोबा, कृपया” एवढंच म्हणू शकला; तेवढ्यात कोणीतरी वायर उपटली. वर सदू खुर्ची उगारून, ठरल्याप्रमाणे, विकट हसत होता. दोरांमधून पांढरा फेटा आत येताना दिसला आणि ते हसू अर्ध्यावर मोडलं. त्याने खुर्ची खाली ठेवली, नीट उघडून, कोणी बसणार असल्यासारखी. आणि वाकला. नवाकोरा खलनायक हजारो लोकांसमोर पाया पडायला वाकला होता.

वस्तादांनी पाय मागे घेतला.

सदू तसाच वाकलेला राहिला, रिकाम्या फळीवर हात टेकून.

मग वस्ताद खाली उतरले, रिंगच्या कडेची मूठभर माती उचलली, आणि वर येऊन ती सदूच्या तळहातावर ठेवली. करतारकडे बोट केलं. “आता धर. निकाली.” निकाली म्हणजे एकाची पाठ लागेपर्यंत, मधे सोडवणूक नाही.

करतारला मराठी येत नव्हतं, पण माती येत होती. तो पालथा पडलेला उठला, सदूकडून चिमूट घेऊन कपाळाला लावली, खांद्याला लावली, उरलेली सदूच्या छातीवर टाकली. कुठूनतरी हलगी कडाडली. कोल्हापुरात हलगी कुठून येते हे विचारायचं नसतं.

ती कुस्ती मी वर्ध्यात सांगतो तेव्हा पहाटेपर्यंत चालते आणि शेवटी फळ्या मोडून दोघे जमिनीत गुडघाभर रुततात. प्रत्यक्षात हातातला शेंगदाण्याचा पुडा संपायच्या आत निकाल लागला. करतारने मुसंडी मारली, सदूचा डावा पाय उचलला गेला, आणि पन्हाळ्याचा वाघ घरच्या लोकांपुढे साफ चितपट झाला. आरोळी अशी उठली, की लोकांनी जिंकलेल्या करतारला उचललं आणि त्याच भरात हरलेल्यालाही. वाघ कंपनीच्या भाषेत नायक होता की खलनायक, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता. मालकाने मात्र दुसऱ्या दिवशी हुबळीला जाताना वाघाचं पोस्टर तेवढं नेलं, वाघ नेला नाही.

माझी गाडी दुपारची होती. सकाळी पेठेतली ती तालीम शोधत गेलो. दार उघडं होतं. आत हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीच्या खड्ड्यात, सदू एकटाच फावड्याने माती उकरत होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. रागाने की आभाराने, ते कळलं नाही. वस्ताद उंबऱ्यावर बसून दुधाचा तांब्या रिकामा करत होते.

परतीच्या प्रवासात मी पुष्कळ विचार केला. भाच्याचा तो न्हाणीघरातला वीर आठवला. त्याला बिचाऱ्याला कोणी मूठभर माती दिली नव्हती. लोक म्हणतात, नायकाचा खलनायक एका फटक्यात होतो. होत असेल. परत फिरायला किती लागतं, हे केबलवर दाखवत नाहीत.

वर्ध्याला ही गोष्ट मी दर वेळी थोडी वाढवून सांगतो. मैदान मोठं होतं, वाघ उंच होतो, कट आणखी तिखट होतो. शेवटी सगळे एकच विचारतात, वस्तादांनी त्याला माफ केलं का. मीही त्या सकाळी उंबऱ्याशी उभं राहून त्यांना हेच विचारलं होतं. त्यांचं उत्तर तेवढं मी कधी वाढवत नाही.

“डावा पाय हलका पडतोय त्येचा,” वस्ताद म्हणाले. “पयला त्यो बघाय पायजे.”