नकाराचे पोहे

संपादकाच्या उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाला कामावर ठेवू नये, असं माझं स्वतःबद्दलच मत आहे. भोपाळमधल्या गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात मी हिशेब बघते. त्या दिवसांत एक व्हाउचर लिहिलं की एकदा मेल उघडायची, असा माझा क्रम होता. मेलमध्ये काही नसायचं. असलंच तर विम्याची जाहिरात. खुर्चीत बसल्या बसल्या माझा पाय असा हलायचा की समोरचे साहेब वैतागून म्हणायचे, "मॅडम, टेबल हिल रहा है." मग मी उठून पाणी प्यायला जायची आणि येताना पुन्हा मेल बघायची.

घरी हे सांगून उपयोग नव्हता. मी लहान मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी गोष्टी लिहिते, म्हणजे लिहू पाहते. गोष्ट जेमतेम तीनशे शब्दांची. चित्रं मला काढता येत नाहीत. ती काढायला चित्रकार लागतो, आणि तो प्रकाशक नेमतो, तोही गोष्ट स्वीकारल्यावर. हे सगळं नवऱ्याला पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्याने शांतपणे ऐकून विचारलं, "मग यात तू नक्की करतेस काय?" त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

माझे लोक मला एका कार्यशाळेत भेटले. चित्रपुस्तक कसं लिहावं, यावर शहरात एक दिवसाची कार्यशाळा होती आणि सगळ्यांना कागद दुमडून नकली पुस्तक करायला सांगितलं होतं. ज्यांना चित्र काढता येत होतं ते पुढे बसले. न येणारे आम्ही तिघं मागे, दाराजवळ. एक निवृत्त काका, सरकारी खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेलेला, पण माणूस काढायला सांगितला की हात थरथरायचा. एक बालवाडीतली शिक्षिका, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. आणि मी. तिघंही मराठी घरांतले, हे चहाच्या वेळी कळलं. काकांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले होते. ती शिक्षिका पोरगी मराठी बोलायची, पण लिहायची हिंदीत. मला मात्र मराठीतच सुचायचं.

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही काकांच्या घरी, कोटरा सुल्तानाबादला जमू लागलो. आमचे नियम दोनच. पहिला, आपली गोष्ट आपण वाचायची नाही. दुसऱ्याने मोठ्याने वाचायची आणि लेखकाने तोंड बंद ठेवून ऐकायची. आपण वाचताना आवाजाने झाकून नेतो ते सगळं दुसऱ्याच्या तोंडून उघडं पडतं. दुसरा नियम काकांचा. ज्याला नकार येईल त्याने नाक्यावरून सगळ्यांसाठी गरम पोहे-जलेबी आणायची. "दुःख उपाशीपोटी ऐकायचं नसतं," असं ते म्हणायचे. होकार आला तर काय, हे कोणी विचारलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

माझी गोष्ट एका चपलेची होती. बदली झालेल्या कुटुंबाचं सामान ट्रकमध्ये चढतं, एक छोटी चप्पल मागे राहते आणि जोडीदार शोधायला निघते. प्रत्येक प्रकाशकाला ती गोड वाटायची. "गोड आहे, पण सध्या आमच्या यादीत बसत नाही." नाक्यावरचा पोहेवाला मला बघून न विचारताच तीन प्लेट बांधायला घेऊ लागला, यावरून काय ते समजा. पावसाळ्याच्या शेवटी आणखी एक नकार आला. मी पोहे नेले, टेबलावर ठेवले आणि जाहीर केलं, "हे माझे शेवटचे पोहे. मी सोडतेय हे सगळं. नाचता येईना अंगण वाकडं, असं किती दिवस म्हणायचं?"

काका म्हणाले, "पुढच्या रविवारी ये आणि मग सोड." पोरगी पोहे वाढायला लागली.

पुढच्या रविवारी मी गेले, ते काकांचा मान ठेवायला. तर पोहे पोरीने आणलेले. तिची नानीची गोष्ट परत आली होती म्हणे. ती गोष्ट फार छान होती. घरात कुठून तरी "घर्रर्र" आवाज येतो, एक मुलगी तो शोधत घरभर फिरते. पान उलटलं की कधी मिक्सर निघतो, कधी पाण्याचा पंप, आणि शेवटी घोरत पडलेली नानी, म्हणजे आईची आई. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. एवढ्या चांगल्या गोष्टीला नकार येतो, तर माझ्या चपलेचं काय घेऊन बसलात! मी दोन जलेब्या जास्त खाल्ल्या आणि सोडण्याचा विषय काढलाच नाही.

पण त्यानंतर पोरीचं काहीतरी बिनसलं. नवीन काही लिहून आणेना. नानीची गोष्ट पुन्हा वाचू या म्हटलं तर "नको ना ताई, आता तिचा कंटाळा आला" म्हणायची. सारखा फोन बघायची, बोलता बोलता गप्प व्हायची, आमच्याआधी घरी पळायची. मला वाटलं, नकार मनाला लावून घेतला. मी तिला माझ्या नकारांचे किस्से सांगून हसवायला बघायची. ती हसायची, पण तोंडदेखलं.

असाच महिना गेला. एका रविवारी काका माझी नवी गोष्ट वाचत होते. तिच्यात एक आजी होती. चित्रात आजीला चष्मा असावा का, यावर आम्ही उगाच वाद घालत होतो. पोरगी फोनमध्ये बघता बघता म्हणाली, "चष्मा झोपताना काढतातच ना? माझा चित्रकार पण हेच विचारून राहिला होता."

काकांनी कागद खाली ठेवला.

बाहेरच्या माणसाला यात काहीच वाटणार नाही. पण आमच्यासारख्यांना चित्रकार असा रस्त्यात भेटत नाही. चित्रकार मिळाला म्हणजे होकार मिळाला. मी विचारलं, "तुझा कोण?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग सगळं बाहेर आलं. गोष्ट परत आलीच नव्हती. मी 'शेवटचे पोहे' म्हटलं त्याच आठवड्यात तिला होकार आला होता. "तुम्ही सोडून देते म्हणालात ना ताई. मी कशी सांगणार होते? मला वाटलं, मलाही नकार आला म्हटलं तर तुम्ही थांबाल."

आणि मी थांबले होते. हेच मला सहन होईना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे माझी कीव केलीस? महिनाभर मी तुझी समजूत घालत होते आणि तू मला तसं करू देत होतीस? मला काय बालवाडीतलं पोर समजलीस, खोटी चांदणी दिली की गप्प बसणारं?"

"अगं, काहून ओरडून राहिली? आधी बस," काका म्हणाले.

मी बसले नाही. पोरगी रडत म्हणाली, "ताई, तो होकार पण आता जाणार आहे. प्रकाशकांना शेवट बदलून पाहिजे. मी कितीदा तरी लिहिला, प्रत्येक वेळी म्हणतात, नाही जमला. उद्यापर्यंत नाही दिला तर या वर्षीच्या पुस्तकांतून काढतील. आणि मी तुम्हाला विचारूच शकत नव्हते."

"बरं झालं," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

गल्लीत स्कूटर धुणारे, भाजीवाल्याशी भांडणाऱ्या बायका, सगळं नेहमीच्या रविवारसारखं चाललं होतं. मी तरातरा चालत होते. तिचा होकार मला बोचत होता, अगदी जिवाला. मला नाही मिळाला, तिला मिळाला, आणि वर तिने तो माझ्यापासून असा लपवला जसं आजारी माणसापासून रिपोर्ट लपवतात. एवढी दुबळी दिसते मी? पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. ठरवता ठरवता लक्षात आलं की दुसरीकडे मनात वेगळंच चाललं आहे. मुलगी पंप बघते, मिक्सर बघते, मग अंधाऱ्या खोलीचं दार. पान उलटायचं. समोर नानी. मग शेवट फिका का पडतो? पडायला नको. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत मी तोच विचार करत होते. माझा हा स्वभावच आहे. कितीही जळफळाट झाला तरी चालेल, पण फसलेलं पान तसंच सोडून मला पुढे जाता येत नाही. मी उलटी फिरले, मोठेपणाने नाही, चिडचिडीने.

दोघं होते तसेच बसले होते. मी म्हणाले, "वाचा."

काकांनी पोरीच्या फोनवरून वाचलं. तिने शेवट सुधारायला घेतला की दर वेळी एक वाक्य वाढवलं होतं. आता झोपलेल्या नानीच्या पानावर चित्रकाराने पाठवलेलं कच्चं चित्र होतं आणि त्याखाली चार ओळी होत्या. मी एकेक ओळ काढायला लावली आणि दर वेळी काकांना पुन्हा वाचायला सांगितलं. शेवटी तिचं मूळचं एकच वाक्य उरलं. "और वह आवाज़ मेरी नानी की थी, जो घर में सबसे ज़्यादा थकी हुई थीं।"

"हेही काढ," मी म्हणाले.

"हे नाही. ताई, प्लीज. याच्यासाठी तर मी गोष्ट लिहिली." तिची आजी आदल्या वर्षी गेली होती. आम्हाला ते माहीत होतं.

"चित्रात नानी झोपलेली दिसतेय. तोंड उघडं आहे. हातातली पळीसुद्धा तिने खाली ठेवलेली नाही. सगळं दिसतंय. तू सांगितलंस की पोरांना ओळखायला काय उरलं?"

"पण मग नानीचं नावच नाही येत कुठे."

ती त्या वाक्यावरून बोट फिरवत राहिली. मला तिला आणखी समजावता येत नव्हतं, कारण वाक्य सुंदर होतं. मला तसं एखादं सुचलं असतं तर मीही ते कोणाला काढू दिलं नसतं. मग तिने डोळे पुसले आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं. त्या पानावर एकही शब्द उरला नाही. संध्याकाळी तिने ते पाठवून दिलं.

पुस्तक आलं तेव्हा तिने आम्हा दोघांना तिच्या बालवाडीत बोलावलं. तिने वाचायचं नाही, हा नियम तिथेही होता. काका छोट्या खुर्चीवर गुडघे वर करून बसले आणि वाचू लागले. मी मागे दाराशी उभी होते, ती माझ्या शेजारी, माझा दंड घट्ट धरून. मिक्सर झाला, पंप झाला. मला हेवा वाटत होता, अजूनही. कव्हरवर तिचं नाव होतं, माझं कुठेच नव्हतं. काकांनी शेवटचं पान उलटलं, पुस्तक पोरांकडे धरलं आणि गप्प झाले.

मग पुढच्या ओळीतलं एक पोर उठून उभं राहिलं आणि ओरडलं, "नानी!" आणि मग सगळा वर्ग ओरडायला लागला, नानी, नानी, जिथे वाक्य होतं त्या जागी, आणि माझ्या शेजारी ती मोठ्याने रडायला लागली.